जावयाची अंगठी, मोठा टीव्ही आणि तीस हजारांची दिवाळी

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नवरा खासगी कंपनीत, त्या स्वतः शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला 70,000 रुपये हातात येतात. घरात सासूबाई आणि आठवीतली मुलगी. घरकर्जाचा हप्ता, किराणा, शिकवणी, पेट्रोल, औषधं धरून दरमहा 58,000 जातात. गेल्या दिवाळीला 40,000 ठरवले होते, झाले 78,000. त्यातले 46,000 क्रेडिट कार्डावर चढले आणि ते फिटता फिटता मे महिना आला. यंदा फेब्रुवारीत नणंदेचं लग्न झालं, धोंड्याच्या महिन्यात जावयांना चांदीचा तांब्या-पेला देऊन झाला, आता पहिला दिवाळसण आहे. सासूबाईंच्या मनात जावयासाठी अर्ध्या तोळ्याची अंगठी आहे. नवऱ्याला ‘नो कॉस्ट ईएमआय’वर 42,000 रुपयांचा टीव्ही घ्यायचा आहे. 25,000 रुपये बोनस येईल अशी आशा आहे. त्या विचारतात : ‘मिस्टरांचा हात फार सैल आहे. दसऱ्यापासूनच त्यांचं कार्ड काढून घेऊ का? आणि अंगठीला नाही म्हटलं तर घरात सणाचा आनंदच राहणार नाही. काय करू?’

ताई, तुम्ही गेल्या वर्षीचा ठरवलेला आणि झालेला, दोन्ही खर्च ओळीओळीने लिहून पाठवलेत, हे फार बरं केलंत. एरवी पत्रांत फक्त शेवटचा आकडा असतो आणि कोणावर तरी राग असतो. तुमच्या पत्रातही राग आहे, पण आकडे त्याला साथ देत नाहीत.

बघा. कपड्यांना 15,000 ठरले, 24,000 लागले. मोबाइलला 12,000 ठरले, 16,000 गेले. किराणा आणि फराळ 8,000 चे 11,000. रोषणाई, रंग, पणत्या 3,000 चे 5,500. फटाके 2,000 चे 4,000. ठरवलेल्या रकमांची बेरीज बरोबर 40,000 होते. पण झालेल्या खर्चात दोन ओळी अशा आहेत ज्या ठरवताना कागदावर नव्हत्याच : ओवाळणी, भेटी आणि मिठाईचे डबे मिळून 13,500, आणि माहेरी जाणं-येणं व बाहेरची जेवणं 4,000. वर गेलेल्या 38,000 पैकी 17,500 या दोन ओळींचे आहेत. याला उधळपट्टी म्हणता येणार नाही. भाऊबीज दरवर्षी येते, कामवाल्या ताईंना दिवाळी दरवर्षी द्यावी लागते, फक्त ती यादीत लिहिलेली नव्हती. मिस्टरांच्या हौसेचे म्हणावेत असे मोबाइलचे वाढीव 4,000 आणि फटाक्यांचे 2,000, एवढेच. कपड्यांचे वाढीव 9,000 कोणी केले, हे मी विचारत नाही.

म्हणून कार्ड काढून घेण्याचा बेत सोडून द्या. कार्ड खिशात नसलं तरी मोबाइलवर ‘आत्ता घ्या, नंतर पैसे द्या’ असं सांगणारी अ‍ॅप आहेतच, आणि ती उधारी तुम्हाला दिसणारही नाही. त्यापेक्षा दोघांनी मिळून बँकेचं अ‍ॅप उघडा. ऑनलाइन खरेदी, दुकानातलं मशीन आणि नुसतं टेकवून होणारे व्यवहार, या तिन्हींची मर्यादा तिथे वेगवेगळी ठरवता येते किंवा तो प्रकार बंदच करता येतो. टेकवून पाच हजारांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, तो आधी बंद करा. ऑनलाइनची मर्यादा तुमच्या नेहमीच्या वीज-गॅसच्या बिलांपुरती ठेवा.

गेल्या वर्षी कार्ड एवढं का चढलं, याचं एक कारण कॅलेंडरात आहे. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. सप्टेंबरअखेरचा पगार दसऱ्यात विरला होता आणि पुढचा यायला दहा दिवस होते. यंदा अधिक महिन्यामुळे सण पुढे सरकला आहे. दसरा 20 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. म्हणजे ऑक्टोबरचा पगार दिवाळीआधी हातात असेल. हे सोयीचं आहे आणि धोक्याचंही, कारण 1 तारखेला आलेला तो पगार नोव्हेंबरच्या हप्त्याचा आणि किराण्याचा आहे, सणाचा नाही.

मग सणाचा पैसा किती? सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये उरणारे 12,000 प्रमाणे 24,000. बोनसचे 25,000. एकूण 49,000. यातून नोव्हेंबरमध्ये नक्की येणारे दोन खर्च वजा करा, तुम्हीच पत्रात लिहिले आहेत : शाळेच्या दुसऱ्या सत्राची फी 9,000 आणि गाडीचा विमा 6,500. उरले 33,500. दुखणंखुपणं, अचानकचा पाहुणा यासाठी 3,500 बाजूला. राहिले 30,000. यात दिवाळसणही आला, मिठाईचा डबाही आला आणि पेट्रोलही. बहुतेक घरं उलट करतात : आधी काय काय हवं ते मांडतात, बेरीज करतात आणि मग पैसे शोधायला निघतात.

या आकड्यासमोर आता अंगठी ठेवू. अर्धा तोळा म्हणजे 5 ग्रॅम. हिशेब सोपा जावा म्हणून 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 12,000 धरते, तुम्ही त्या दिवशीचा घाला. सोन्याचे 60,000. घडणावळ 12 टक्के धरली तर 7,200. दोन्ही मिळून 67,200, त्यावर 3 टक्के जीएसटी 2,016. एकूण 69,216 रुपये. तुमच्या दोघांच्या एका महिन्याच्या पगाराएवढी ही अंगठी आहे. माझा अंदाज आहे की सासूबाईंच्या मनातली अर्ध्या तोळ्याची किंमत फार जुनी आहे, त्यांच्या लग्नसराईच्या काळातली. म्हणून त्यांना ‘परवडत नाही’ असं सांगू नका, ते टोचतं. हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, किंवा इतवारीत सराफा ओळीत त्यांना सोबत न्या आणि सराफालाच लेखी अंदाज करून द्यायला सांगा. आकडा त्यांनी सराफाकडून ऐकला, की तो सुनेचा नकार राहत नाही.

आणि हे बोलणं तुम्ही करायचं नाही. आई त्यांची, बहीण त्यांची. मिस्टरांनी दसऱ्याच्या आत आईशी आणि मग बहिणीशी बोलावं. एकुलत्या एका बहिणीच्या दिवाळसणात वहिनीने कात्री लावली अशी गोष्ट एकदा फिरली की वीस वर्षं फिरते. बहिणीला विचारायलाही हरकत नाही. नव्या घरात काय दिलेलं शोभेल आणि काय नुसतं कपाटात जाईल, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. शिवाय यंदा धोंडा आणि दिवाळसण एकाच वर्षात आले, तांब्या-पेल्यापाठोपाठ सोनं द्यावं अशी अपेक्षा व्याह्यांकडेही असेलच असं नाही. तुम्ही ती गृहीत धरली आहे, कोणी बोलून दाखवलेली नाही. तुमच्या पत्रात तरी तसं कुठे नाही.

दिवाळसणाला 9,000 ठेवा. जावयांना कापड आणि शिलाई, लेकीला साडी, दोघांना अभ्यंगाचं साहित्य, एक चांगलं जेवण आणि उरतील ते पाकिटात. सासूबाईंचा जीव सोन्यातच अडकला असेल आणि त्यांच्याकडे पेन्शन किंवा ठेव असेल, तर त्यांच्या हौसेने छोटं वळं त्यांनी द्यावं. तेव्हाही तीन गोष्टी बघा. हॉलमार्कची तीन चिन्हं : बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) त्रिकोणी शिक्का, शुद्धतेचा आकडा (22 कॅरेटला 916) आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अंकाक्षरांचा क्रमांक. हा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. खडा असेल तर त्याचं वजन वेगळं काढून सोन्याचं निव्वळ वजन बिलावर लिहून घ्या. आणि घडणावळ टक्क्यात विचारा, ती कमी करून मिळते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळच्या गर्दीत घासाघीस होत नाही, म्हणून खरेदी आधीच्या आठवड्यात.

टीव्हीबद्दल मी जास्त कठोर आहे : यंदा नको. ‘नो कॉस्ट’ मध्ये व्याज असतंच, फक्त ते किमतीत मिसळलेलं असतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं. 42,000 चे नऊ हप्ते, कार्डाचा हप्त्याचा दर वर्षाला 16 टक्के धरला, तर त्यात साधारण 2,650 रुपये व्याज येतं. तेवढी सूट देऊन किंमत सारखी दाखवतात. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 480 रुपये, तुमच्याच बिलात येतो. प्रक्रिया शुल्क 199 असेल तर करासह 235. एकरकमी दिल्यावर दुकानदार जी दोन-अडीच हजारांची सूट देतो ती गेली, हे वेगळंच. त्यात भिंतीचा स्टँड, स्टॅबिलायझर आणि वाढीव वॉरंटी जोडून बिल 42,000 वर थांबत नाही. महिन्याला 4,667 चा हप्ता जुलै-ऑगस्टपर्यंत चालेल, म्हणजे शाळा उघडतानाच्या वह्या-पुस्तकांच्या महिन्यातही.

बर्डीतल्या दुकानात कोणी ‘जीएसटी कमी झालाय, ऑफर संपायच्या आत घ्या’ म्हणालं तर हसून पुढे जा. 32 इंचांवरच्या टीव्हीचा कर 28 वरून 18 टक्के झाला तो 22 सप्टेंबर 2025 पासून, तो दिवाळीची सवलत नाही. मिस्टरांना मात्र नुसतं नाही म्हणू नका. त्यांनी मॉडेल निवडून ठेवावं, पूर्ण क्रमांकासह, कारण सणाला येणाऱ्या काही मॉडेलांत शेवटचं एखादं अक्षरच वेगळं असतं आणि आत एचडीएमआयची एखादी जागा कमी किंवा पडद्याचा उजेड कमी असतो. दिवाळीनंतर दोन महिन्यांनी त्याच क्रमांकाचा भाव पुन्हा बघावा.

कपड्यांना 6,000 म्हटल्यावर तुमचा चेहरा पडला असेल. चार माणसं आहेत आणि गेल्या वर्षीचे 24,000 चे कपडे अजून कपाटात आहेत. मुलीला नवं हवंच, ती वाढतेय. सासूबाईंना साडी. तुम्ही दोघांनी एकेक. कपड्यांत पैसा कुठे निसटतो ते सांगते : साडी 1,200 ची वाटते, पण फॉल-पिको, ब्लाउजचं अस्तर, शिलाई, जुळणारा परकर धरला की ती दोन हजारांकडे जाते, आणि हे सगळं नंतर वेगवेगळ्या दिवशी सुटं सुटं दिलं जातं म्हणून आठवतही नाही. कापड गांधीबागेतून दसऱ्याआधी घ्या. दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी टेलर ऑर्डर घेणं बंद करतात, मग घाईत तयार कपडा महाग पडतो. तयार कपड्यांत एक आकडा लक्षात ठेवा : एका नगाची कराआधीची किंमत 2,500 पर्यंत असेल तर 5 टक्के जीएसटी, त्याच्या वर गेली की 18 टक्के. म्हणजे 2,450 चा कुर्ता 2,573 ला पडतो आणि 2,550 चा 3,009 ला. शंभराच्या फरकाला चारशेहून जास्त रुपये.

फराळ आणि किराणा 6,000 मध्ये बसतो, पण आधी ताटं मोजा. घरचे चार आणि शेजारपाजारी-नातेवाइकांची आठ ताटं धरू. चिवड्याला 1 किलो पातळ पोहे, 250 ग्रॅम शेंगदाणे, 200 ग्रॅम डाळं, 100 ग्रॅम खोबरं, 300 ग्रॅम तेल. पावणेदोन किलोच्या पुढे चिवडा होतो. ताटामागे 100 ग्रॅम दिला तरी 800 ग्रॅम जातो आणि घरी किलोभर उरतो. चकलीला 1 किलो भाजणी, शंकरपाळ्यांना 1 किलो मैदा, लाडवांना अर्धा किलो बेसन पुरे. अनारसे जमतात त्यांनीच करावेत. ते तुपात विरघळले तर पीठ, तूप आणि मूड तिन्ही जातात. तेल वाचवायचं तर आधी शंकरपाळे तळा, चकली शेवटी. तीळ आणि मसाल्याचा गाळ राहून तेल काळं पडतं, मग त्यात पुढचं काही धड तळता येत नाही.

किराणा ओळीत भाव कमी असतो हे खरं, पण तिथे पाच किलो बेसन घेतलं तर तीन किलो उन्हाळ्यापर्यंत पडून राहतं. दोन शेजारणींना सोबत घ्या, सामान घरी आणून वाटून घ्या. काजू-बदामाचं पाकीट अर्ध्या किलोचं घेऊ नका. 100 ग्रॅमचं आणलं की तेवढंच वापरलं जातं.

ओवाळणी आणि भेटींना 6,000. इथे माझं मत ठाम आहे : कामवाल्या ताईंची दिवाळी, रखवालदार आणि पेपरवाल्या दादांचं पाकीट आधी काढा, आणि त्यात कात्री नको. त्यानंतर भाऊबीज. उरेल त्यात बाकीचं. मिठाईचे आणि सुक्या मेव्याचे डबे पूर्ण बंद केले तरी चालतील, ते एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात आणि शेवटी कोणाच्या तरी फ्रिजमध्ये वास येईपर्यंत राहतात. दीर-जावा, भाऊ-भावजया यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दसऱ्याआधी एक ओळ टाका : यंदा भेटी फक्त मुलांना, दोनशेच्या आत. कोणीतरी आधी म्हणायची वाट सगळेच बघत असतात. रोषणाई, रंग, पणत्या, फटाके मिळून 2,000. गेल्या वर्षीच्या माळा लावून बघा, एखादाच फ्यूज किंवा बल्ब गेलेला असतो. राहिले 1,000, ते गाडीभाड्याला.

बेरीज : 9, 6, 6, 6, 2 आणि 1. झाले तीस.

आता ही बेरीज टिकवायची कशी, हा खरा भाग. पगाराच्या खात्यातून सणाचा खर्च करू नका. तुमचं एखादं जुनं बचत खातं पडून असेल, त्यात सप्टेंबरचे 12,000 आत्ताच टाका, ऑक्टोबरचे मिळाल्यावर टाका. दोघांच्या मोबाइलवरच्या यूपीआयमध्ये सणापुरतं मुख्य खातं म्हणून तेच ठेवा. यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड असेल तर ते काढा. यूपीआय लाइट सध्या बंद ठेवा. त्यात 5,000 पर्यंत शिल्लक राहते आणि हजारापर्यंतचे पैसे पिनशिवाय जातात. दूधवाल्याला ते सोयीचं, पण बुधवार बाजारात चारशे-पाचशेचे दहा व्यवहार कधी झाले ते कळत नाही. शिल्लक आपोआप भरली जाण्याची सोय चालू असेल तर तीही काढा.

ऑनलाइन खरेदीत साठवलेलं कार्ड पुसून टाका. वस्तू कार्टमध्ये टाकून दोन रात्री राहू द्या. खोटंच ‘फक्त दोन शिल्लक’, खोटी घाई करणारं उलटं चालणारं घड्याळ, पैसे भरताना गुपचूप जोडलेला विमा किंवा देणगी, हे प्रकार 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहेत. असं काही बिलात आलं तर पडद्याचा फोटो काढून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

कार्डाचा गेल्या वर्षीचा अनुभव मिस्टरांना आकड्यांत दाखवा, त्यात वाद उरत नाही. 46,000 थकले, महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे 1,610, त्यावर जीएसटी 290, असे 1,900 रुपये. कार्डाच्या बिलात भरावीच लागणारी किमान रक्कम 5 टक्के धरली तर तुम्ही भरले 2,300. मुद्दल फिटलं फक्त 400. आणि बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या महिन्यांत कार्डावर भरलेल्या पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज लागलं. तरीही यंदा कार्ड वापरावंच लागलं तर हप्त्यांचा विचार न करता त्याच रात्री सणाच्या खात्यातून तेवढी रक्कम कार्डात भरून टाका.

पुढच्या वर्षीचंही बघून ठेवा : 2027 मध्ये लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला आहे, म्हणजे पुन्हा पगाराच्या आधी. डिसेंबरपासून महिना 3,000 चं आवर्ती ठेव खातं दहा महिन्यांचं काढलंत तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला 30,000 आणि वर थोडं व्याज हातात येईल. ओळखीच्या चार जणींची भिशी असेल तर तीही चालेल, पण जास्त परतावा सांगणाऱ्या एजंटाच्या भिशीत पैसे घालू नका.

राहिला बोनस. तो खात्यात दिसेपर्यंत 25,000 धरू नका. करकपात होऊन तो कमीही येऊ शकतो. तोवर हातातले 24,000 च खरे. फी आणि विमा बाजूला काढा, उरलेल्या साडेआठ हजारांत कामवाल्या ताईंची पाकिटं, फराळाचं सामान आणि मुलीचा ड्रेस एवढंच करा. दिवाळसणाची साडी आणि जावयांचं कापड बोनस आल्याच्या दिवशीही आणता येतं. फक्त टेलरला आधी सांगून ठेवा की माप घेऊन ठेवलंय, कापड मागाहून येतंय. बोनस आलाच नाही, तर दिवाळसण जेवणावर आणि साडीवर होईल आणि तुम्हा दोघांचे कपडे संक्रांतीला होतील. हे मिस्टरांशी आत्ताच, टीव्हीची जाहिरात लागलेली नसताना, बोलून ठेवा.